मिशिगनकडून हरूनही विजेते: ओहायो स्टेटचा २०२४ चा हंगाम

३० नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतल्या कोलंबस शहरात एक लाखाहून जास्त लोकांनी आपल्या लाडक्या संघाला १०–१३ असं हरताना पाहिलं. संघ ओहायो स्टेट विद्यापीठाचा, खेळ अमेरिकन फुटबॉल, समोर जुना वैरी मिशिगन. त्यातही त्या वर्षीचं मिशिगन अगदीच सामान्य होतं, अकरा सामन्यांपैकी पाच हरून आलेलं. सट्टेबाजांच्या हिशोबाने ओहायो स्टेटने वीसएक गुणांनी जिंकायला हवं होतं. सामना संपल्यावर मिशिगनची पोरं आपला झेंडा मैदानाच्या मधोमध रोवायला गेली, मारामारी जुंपली, पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांना आधी हाकला, असा ओरडा त्याच संध्याकाळी सुरू झाला.

त्यानंतर सात आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ ला, अटलांटात हाच संघ राष्ट्रीय विजेता ठरला. प्रशिक्षकही तेच.

हे घडलं कसं, ते कळायचं तर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं वर्ष कसं चालतं ते आधी समजून घ्यावं लागतं. ते इतकं अजब आहे की मुरलेले अमेरिकन प्रेक्षकही त्यावर दरवर्षी भांडतात.

खेळाबद्दल अगदी थोडक्यात. हा मेस्सीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, तो मुख्यतः हातानेच खेळायचा, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, मैदान शंभर यार्डांचं. चढाई करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. जमलं तर पुन्हा चार, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण आणि वर लाथेने एक जादा गुण मिळवायची संधी. तिथवर पोचणं कठीण दिसलं तर लांबून लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून घालवायचा, त्याचे ३ गुण. चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. त्याच्याकडे मुख्यतः दोन वाटा असतात: कुणाच्या तरी हातात चेंडू देऊन त्याला गर्दीतून घुसवायचं, किंवा लांब फेकून मोकळ्या जागेत पळणाऱ्या खेळाडूला गाठायचं. मिशिगनविरुद्ध ओहायो स्टेट नेमकं या निवडीतच फसलं, पण ते पुढे येईलच.

कॉलेजच्या खेळासाठी एवढी माणसं का जमतात, हा आपल्याला पडणारा पहिला प्रश्न. वानखेडे तीनदा भरेल एवढी माणसं कोलंबसच्या ओहायो स्टेडियमवर एका वेळी बसतात. त्याची अधिकृत क्षमता १,०२,७८० आहे. कारण असं की तिथे कॉलेजचा खेळ आधी आला आणि व्यावसायिक लीग मागाहून. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. आजची व्यावसायिक लीग, म्हणजे एनएफएल, १९२० ची. शिवाय एनएफएलचा नियम आहे की शाळा संपून तीन वर्षं होईपर्यंत खेळाडूला घ्यायचं नाही. ती तीन वर्षं मुलाने कुठे खेळायचं? कॉलेजात. अलाबामा, नेब्रास्का अशा राज्यांत तर एनएफएलचा संघच नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच अख्ख्या राज्याचा संघ. ओहायोत क्लीव्हलँड आणि सिनसिनाटीला एनएफएलचे संघ आहेत, पण राजधानी कोलंबसला नाही. तिथे शनिवार ओहायो स्टेटचा.

विजेता ठरवायचा कसा?

खरी गुंतागुंत इथे आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च श्रेणीत १३४ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात फक्त बारा. आयपीएलमध्ये दहा संघ, एक गुणतालिका, गुण सारखे झाले तर नेट रन रेट; वाद घालायला फारशी जागाच उरत नाही. इथे बहुतेक संघ एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. कुणी बारापैकी बारा जिंकतो, पण लिंबूटिंबूंशी खेळून. कुणी दहाच जिंकतो, पण एकेक पहिलवान लोळवून. यातला मोठा कोण?

संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत वाटलेले असतात आणि बहुतेक सामने गटातच होतात. पूर्वी हे गट भूगोलाप्रमाणे असत. आता टीव्हीच्या पैशाप्रमाणे असतात. ओहायो स्टेटच्या गटाचं नाव बिग टेन, आणि त्यात २०२४ मध्ये संघ होते अठरा! ओरेगन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए हे पॅसिफिक किनाऱ्यावरचे चार त्याच वर्षी आत आले. म्हणजे न्यू जर्सीतलं रटगर्स आणि लॉस एंजेलिसमधलं यूसीएलए एकाच गटात. कागदावर हे मध्यपश्चिमेचं मंडळ आहे.

देशाचा विजेता कित्येक दशकं चक्क मतदानाने ठरत असे. पत्रकारांची एक क्रमवारी, प्रशिक्षकांची दुसरी. दोन्हींचं जुळलं नाही तर विजेते दोन, जसे १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का झाले. १९९८ पासून मतं आणि संगणकाचे हिशोब एकत्र करून पहिले दोन संघ अंतिम सामन्यात भिडवायला सुरुवात झाली. २०१४ पासून तेरा जणांची एक समिती चार संघ निवडू लागली. संघ चारच, त्यामुळे हंगामात एक पराभव जेमतेम चालायचा. ही पद्धत दहा वर्षं होती, आणि त्या दहा वर्षांत दोन पराभव झालेल्या एकाही संघाला समितीने घेतलं नाही. उलट २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं, तरी समितीने त्यांना वगळलं. त्यांचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला होता, तेव्हा आता हा संघ पूर्वीइतका चांगला उरलेला नाही, असं कारण. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा समितीचा अंदाज वजनदार ठरला. माझ्या मते या खेळाच्या अलीकडच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अन्याय.

२०२४ मध्ये चाराचे बारा झाले. क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच गटविजेत्यांना हमखास जागा, उरलेल्या सात समितीच्या मर्जीने. त्यातल्या पहिल्या चार गटविजेत्यांना पहिल्या फेरीत विश्रांती. पाच ते आठ क्रमांकांचे संघ पहिला बाद सामना स्वतःच्या मैदानावर खेळणार. ओहायो स्टेटचा हंगाम ज्या फटीतून तगला ती ही.

वीस दशलक्ष डॉलरचा संघ

ओहायो स्टेटने त्या वर्षी जिंकण्याची तयारी अगदी उघडपणे केली होती. खेळाडूंवर साधारण दोन कोटी डॉलर, म्हणजे सुमारे १७० कोटी रुपये खर्च झाल्याचं विद्यापीठाचे क्रीडा संचालक रॉस ब्योर्क यांनीच सांगितलं.

कॉलेजच्या पोरांना पैसे? शंभरेक वर्षं तसं करणं पाप होतं. शिष्यवृत्ती, जेवण, राहणं, बस्स. वर कुणी भेट दिली तरी चौकशी लागायची. प्रशिक्षकाला मात्र वर्षाला लाखो डॉलर, आणि पुष्कळ राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महाग माणूस म्हणजे फुटबॉलचा प्रशिक्षक. २०२१ मध्ये हे बांध फुटले. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवायची मुभा मिळाली. कागदोपत्री हे जाहिरातीचं उत्पन्न. प्रत्यक्षात संघाचे धनाढ्य चाहते वर्गणी काढून खेळाडूंना पैसे देऊ लागले. त्याच वर्षी एका कॉलेजातून दुसऱ्यात गेल्यावर एक वर्ष बाहेर बसायची अट बरीच सैल झाली आणि २०२४ पर्यंत जवळजवळ संपलीच. पैसे आणि मोकळं दार एकदम मिळाल्यावर बाजार भरणारच.

या बाजारातून ओहायो स्टेटने कॅन्सस स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड आणला, मिसिसिपीहून धावणारा क्विनशॉन जडकिन्स, अलाबामाहून बचावातला केलेब डाउन्स. फ्लोरिडातून शाळा संपवून थेट आला जेरेमाया स्मिथ. चेंडू झेलण्यात हा मुलगा पहिल्या सामन्यापासूनच मोठ्यांना भारी होता. याहून महत्त्वाचं म्हणजे जॅक सॉयर, एमेका एग्बुका, ट्रेव्हियन हेंडरसन, डॉनोव्हन जॅक्सन अशी जी मंडळी एनएफएलमध्ये जाऊ शकली असती ती आणखी एक वर्ष थांबली. पैसा हे त्याचं एक कारण. दुसरं, त्यांच्यातल्या कुणीही मिशिगनला एकदाही हरवलं नव्हतं.

प्रशिक्षकांच्या खोलीतही एक गंमत होती. चढाईची सूत्रं घ्यायला आले चिप केली. यूसीएलएचं मुख्य प्रशिक्षकपद सोडून ते रायन डे यांच्या हाताखाली आले. डे स्वतः न्यू हॅम्पशर विद्यापीठात क्वार्टरबॅक असताना त्यांना शिकवणारे हेच केली. गुरूने शिष्याच्या हाताखाली नोकरी धरली आणि दोघांचं छान जमलं.

सुरुवातीचे पाच सामने सोपे गेले: ५२–६, ५६–०, असे आकडे. १२ ऑक्टोबरला ओरेगनच्या मैदानावर पहिली खरी परीक्षा झाली आणि ती ३१–३२ अशी हुकली. शेवटचे दहा सेकंद उरले असताना ओरेगनने मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. नियमाप्रमाणे शिक्षा पाच यार्डांची. पण त्या खेळीत चार सेकंद निघून गेले, आणि वेळ संपत असताना पाच यार्डांपेक्षा चार सेकंद कितीतरी महाग असतात. शेवटच्या खेळीत हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरून खाली बसला, तेव्हा घड्याळावर शून्य होतं. ओरेगनच्या प्रशिक्षकांनी ही शक्कल मुद्दाम लढवल्याचं जवळपास मान्य केलं. काही दिवसांतच नियम बदलून ही पळवाट बुजवण्यात आली.

त्या रात्रीचं मोठं नुकसान गुणांचं नव्हतं. क्वार्टरबॅकची पाठराखण करणारा जॉश सिमन्स तिथे जखमी झाला आणि वर्षभरासाठी गेला. नोव्हेंबरात क्वार्टरबॅकसमोर उभ्या राहणाऱ्या पाच जणांच्या त्याच आघाडीतला मधला खेळाडू सेथ मॅक्लॉफ्लिनही गेला. प्रेक्षक चेंडूकडे बघतात, त्यामुळे हे पाच धिप्पाड गडी कुणाला दिसत नाहीत. पण ते ढासळले की बाकी सगळं ढासळतं. जॅक्सनला त्याची जागा बदलून सिमन्सच्या जागी उभं करण्यात आलं. डागडुजी करत संघाने पेन स्टेटला २०–१३ आणि तोवर अपराजित असलेल्या इंडियानाला ३८–१५ असं हरवलं, आणि मग मिशिगन आलं.

ओहायो आणि मिशिगन यांचं वैर खेळाहून जुनं आहे. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून दोन्हीकडच्या सशस्त्र तुकड्या एकमेकांसमोर उभ्या राहिल्या होत्या. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ चा, आणि १९३५ पासून तो नियमित हंगामाच्या अखेरीला येतो. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारलेली असते. कोलंबसमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलांनाही ही फुली पहिल्याच नोव्हेंबरात कळते, नियम कळोत न कळोत.

मिशिगनचे बरेच महत्त्वाचे खेळाडू त्या दिवशी खेळले नाहीत. त्यांच्या क्वार्टरबॅकने फेकून जेमतेम ६२ यार्ड मिळवले. पण त्यांच्या बचावाच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन डोंगर होते. कुणीही म्हणालं असतं, बाबांनो, बाजूने जा, वरून फेका, स्मिथ आहे, एग्बुका आहे. ओहायो स्टेटने मात्र दुबळ्या झालेल्या आघाडीच्या जिवावर चेंडू पुन्हा पुन्हा मधूनच घुसवायचा हट्ट धरला. मिशिगनकडून सलग तीन वर्षं हरताना ‘तुमच्यात दम नाही’ हा टोमणा त्यांना फार झोंबला होता. मला तरी तो हट्ट डावपेचापेक्षा त्या टोमण्याला दिलेलं उत्तर वाटतो. त्यात जेडन फील्डिंगच्या दोन लाथा हुकल्या, दोन्ही फार लांबच्या नव्हत्या. ४५ सेकंद उरले असताना मिशिगनने तीन गुण मिळवले आणि संपलं. डे यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून एकूण नोंद त्या दिवशी ६६ विजय, १० पराभव अशी होती. मिशिगनविरुद्ध एक विजय, चार पराभव. कोलंबसमध्ये दुसरा आकडाच मोजतात.

हरल्याचा फायदा

जुन्या पद्धतीत हंगाम इथेच संपला असता. समितीच्या अखेरच्या क्रमवारीत ओहायो स्टेट सहावं होतं, म्हणजे चारांत नाही. नव्या पद्धतीत बारांत आरामात बसलं.

आता गंमत पाहा. मिशिगनला हरवलं असतं तर पुढच्याच शनिवारी बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओरेगनशी झुंजावं लागलं असतं. हरल्यामुळे तो सामना पेन स्टेटच्या वाट्याला गेला आणि ओहायो स्टेटला तीन आठवडे विश्रांती मिळाली. जखमी आघाडी सावरली, डावपेच बदलले. दुसरी गंमत मानांकनाची. क्रमवारीत नववं असलेलं बॉइझी स्टेट आणि बारावं असलेलं अ‍ॅरिझोना स्टेट गटविजेते म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या मानांकनावर चढले, त्यामुळे सहावं ओहायो स्टेट घसरून आठवं झालं. आणि आठव्या मानांकनाच्या वाटेवर पुढच्या फेरीत उभं होतं पहिलं मानांकन, म्हणजे ओरेगन. सगळे तेरा सामने जिंकलेल्या संघाला बक्षीस काय, तर अख्ख्या देशातला सर्वांत धोकादायक प्रतिस्पर्धी.

२१ डिसेंबरला कडाक्याच्या थंडीत टेनेसीचे नारिंगी चाहते हजारोंनी ओहायो स्टेडियममध्ये आले, कारण रुसलेल्या यजमानांनी आपली तिकिटं विकून टाकली होती. पहिल्या पंधरा मिनिटांत २१–०. अखेर ४२–१७. चेंडू आता स्मिथकडे फेकला जात होता. मिशिगनविरुद्ध हे का सुचलं नाही, असं विचारत चाहते आनंदाने चिडत होते.

१ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानावर ओरेगन. ऑक्टोबरात एका गुणाने जिंकलेला हा संघ मध्यंतरापूर्वीच ०–३४ असा मागे होता. निकाल ४१–२१, आणि एकट्या स्मिथने १८७ यार्ड झेलले. हंगामातला सर्वोत्तम खेळ कुठला असं कुणी विचारलं तर माझं बोट या पहिल्या अर्ध्या तासावर.

टेक्सासविरुद्धचा उपांत्य सामना मात्र घासून झाला. ओहायो स्टेट २१–१४ ने पुढे, आणि टेक्सास टचडाउनपासून फक्त एक यार्डावर. एका खेळीत ते सात यार्ड मागे ढकलले गेले, आणि चौथ्या प्रयत्नाला जॅक सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन युअर्स याच्या हातातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. युअर्स हा २०२१ मध्ये ओहायो स्टेटमध्येच होता, आणि सॉयरचा खोलीतला सोबती होता. मोकळ्या दाराच्या बाजारात असे योग येतात. मिशिगनचा झेंडा हिसकावून घ्यायला पुढे धावला होता तोही सॉयरच. तो मूळचा कोलंबसजवळच्या पिकरिंग्टन गावचा.

अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध ३१–७ अशी आघाडी होती, ती वितळत ३१–२३ वर आली. शेवटच्या मिनिटांत तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवे होते. अशा वेळी सुरक्षित खेळून घड्याळ चालू ठेवणं हा रिवाज. डे आणि केली यांनी रिवाज बाजूला ठेवला. हॉवर्डने लांब फेकला, स्मिथने ५६ यार्डांवर झेलला. मग फील्डिंग आला, मिशिगनविरुद्ध दोनदा हुकलेला तोच, आणि त्याने तीन गुण मिळवून दिले. ३४–२३. सोळा सामने, चौदा विजय, दोन पराभव. चार संघांची पद्धत सुरू झाली त्या २०१४ च्या हंगामातही पहिला विजेता ओहायो स्टेटच होता, आणि तेव्हा तर समितीने त्यांना शेवटचं, चौथं मानांकन दिलं होतं.

मग मिशिगनच्या पराभवाचं काय? तो पुसला गेला, असं कोलंबसमध्ये कुणी म्हणत नाही. गटाचं विजेतेपदही त्या वर्षी त्यांना मिळालं नाही. देशात पहिले, पण आपल्या गटात नाही, हे नव्या पद्धतीत शक्य आहे. दोन पराभवांचा संघ विजेता होत असेल तर नियमित हंगामातल्या शनिवारांना काय अर्थ उरला, असं जुने चाहते विचारतात. प्रश्न खरा आहे. पण पर्याय म्हणजे फ्लोरिडा स्टेटसारख्यांना एकही संधी न देणं, आणि त्यापेक्षा मैदानावर चार सामने जिंकून दाखवा, हे मला जास्त न्याय्य वाटतं.

विश्रांती मिळालेले चारही संघ त्या वर्षी आपला पहिलाच बाद सामना हरले. लगेच पुढच्या हंगामासाठी नियम बदलला: आता मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे, गटविजेत्यांना वरची जागा आपोआप नाही. जून २०२५ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांनाच खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी मिळाली, सर्व खेळ मिळून पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत.

विजेता संघ तोवर पांगलाही होता. एप्रिल २०२५ मध्ये एनएफएलच्या संघांनी ओहायो स्टेटचे चौदा खेळाडू निवडले. चिप केली एनएफएलमध्ये गेले, बचावाचे सूत्रधार जिम नोल्स पेन स्टेटला. ३० ऑगस्टला कोलंबसमध्ये नव्या हंगामाचा पहिला सामना झाला, समोर पुन्हा टेक्सास. सॉयरही नव्हता, युअर्सही नव्हता. ओहायो स्टेटकडे अलाबामाहून आलेला नवा क्वार्टरबॅक होता, आणि ते १४–७ असे जिंकले.